गावाला वळसा घालणारा रस्ता

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

गावाजवळ येतो, पण गावात येत नाही. वेशीवरून जातो, पण कुणाला रामराम करत नाही. सांगा, मी कोण?

हे कोडं मी आमच्या चौथीच्या वर्गात घातलं, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "बाई, पाऊस!"

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाला हेच उत्तर सुचणार, नाही का? पण कोड्याचं उत्तर पाऊस नाही. उत्तर आहे, बायपास! सरकारी कागदावर त्याला 'बाह्यवळण रस्ता' असं भारदस्त नाव आहे. मोठा रस्ता गावात न शिरता गावाच्या बाहेरून वळसा घालून जातो, तोच हा बायपास. तुमच्यापैकी कितीतरी जण मामाच्या गावाला जाताना त्यावरून जातात. पण तो तिथं आला कसा, कुणी आणला आणि आल्यावर काय काय बदललं, याचा विचार केलाय कधी? चला तर, आज तोच करू.

आपला रस्ता कुठून कुठे जातो?

आपल्या जिल्ह्यातून दक्षिणोत्तर जाणारा जो मोठा चौपदरी रस्ता आहे, त्याचं नाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२. तुमच्या आजोबांना विचारलंत, तर ते म्हणतील, "अरे, तो तर दोनशे अकरा!" त्यांचंही खरंच आहे. पूर्वी सोलापूर ते धुळे या रस्त्याला २११ हा क्रमांक होता. २०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्याचं ठरलं आणि आपला २११ हा एका फार लांब रस्त्याचा तुकडा झाला. हा ५२ नंबर निघतो पंजाबातल्या संगरूरहून. हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश करत तो धुळ्याला महाराष्ट्रात येतो. पुढे छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, मग कर्नाटकातलं विजयपूर, हुबळी असं करत अंकोल्याला अरबी समुद्राजवळ जाऊन थांबतो. दोन हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास लांबी!

या क्रमांकांची एक गंमत आहे बरं का. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम संख्या दिल्या आहेत आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलात, की सम संख्या वाढत जातात. महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात घ्या. नागपूरवरून जाणारा ४४, आपल्याकडून जाणारा ५२, कोकणातून जाणारा ६६. बघा, जुळलं की नाही? आता उत्तरेकडून दक्षिणेकडे या. धुळे-नागपूरकडचा ५३, अहिल्यानगर-परभणीकडचा ६१ आणि पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा ६५. सगळे विषम आणि सगळे वाढत्या क्रमाने! आपले ५२ आणि ६५ एकमेकांना भेटतात ते सोलापुरात.

आता मनातल्या मनात एसटीत बसा. खिडकीजवळची जागा पकडा. सोलापूर सोडलं, की तामलवाडीला आपल्या जिल्ह्यात प्रवेश. तिथंच टोलनाका लागतो. मग समोर बालाघाटाचे डोंगर दिसू लागतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंचीवर आणि धाराशिव साधारण ६५० मीटरवर. म्हणजे गाडीला जवळजवळ दोनशे मीटर चढायचं असतं. तो चढ मुख्यतः तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात आहे. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर आई तुळजाभवानीचं तुळजापूर. मोठा रस्ता मात्र तुळजापूरच्या बाहेरून वळसा घेतो. तिथून साधारण २५ किलोमीटरवर धाराशिव. तेही बाहेरच्या अंगानं ओलांडायचं. मग सुमारे वीसेक किलोमीटरवर येडशी. रामलिंगाचं देऊळ, माकडं आणि पावसाळ्यातला धबधबा तुम्ही सहलीत पाहिला असेल. तिथल्या जंगलाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. येडशीला बार्शी-लातूर रस्ता आपल्या महामार्गाला आडवा येतो. त्यापुढे फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेरखेडा, खवा-पेढ्याच्या दुकानांचा सरमकुंडी फाटा, पारगाव आणि मग बीड जिल्हा. काय, सुटलं ना तोंडाला पाणी पेढ्याच्या नावानं?

पण वळसा कशाला?

तुम्ही म्हणाल, "बाई, गावातून सरळ रस्ता असताना वळसा कशाला? वळसा म्हणजे जास्त अंतर!"

अगदी बरोबर प्रश्न. तो आपण गणितानंच सोडवू.

समजा, एका गावातून जाणारा जुना रस्ता ६ किलोमीटरचा आहे. त्यात बाजार, शाळा, एसटी स्टँड, भाजीच्या गाड्या, मध्येच बसलेली म्हैस. त्यामुळे ट्रकचा वेग पडतो ताशी २० किलोमीटर. म्हणजे वेळ लागला १८ मिनिटं. आता बाहेरून ९ किलोमीटरचा वळसा आहे. पण तिथं ना बाजार, ना म्हैस. वेग ताशी ९० किलोमीटर. वेळ लागला फक्त ६ मिनिटं! अंतर दीडपट झालं, पण वेळ एक तृतीयांश झाला. रस्ते बांधणारे लोक अंतराच्या जोडीला वेळही मोजतात, ते यासाठी.

हा झाला ट्रकवाल्याचा हिशोब. गावाचाही एक हिशोब असतो. पंजाबातून कर्नाटकात निघालेल्या ट्रकला तुळजापूरच्या बाजारात काही काम नाही आणि तुळजापूरच्या बाजारातल्या माणसालाही त्या ट्रकचं काही काम नाही. तरी जुन्या रस्त्यावर दोघांना एकमेकांच्या अंगावरून जावं लागायचं. नवरात्रात लाखो भाविक येतात. तरुण मुलं ज्योत घेऊन अनवाणी धावत आपापल्या गावाकडे निघतात. कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसं चालत तुळजापूरला येतात. त्या दिवसांत रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. ज्या गावात माणसं देवासाठी पायी येतात, तिथून लांबच्या मालट्रकांना बाहेर काढणं हे शहाणपणाचंच होतं.

आधी कागद, मग कुदळ

रस्ता बांधायचा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे रोलर येतो. पण रोलर येण्याच्या कितीतरी आधी कागद येतो. कोणत्या गावाच्या, कोणत्या गट नंबरमधून किती जमीन लागणार, याची यादी निघते. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा १९५६ सालचा आहे. जमीन घ्यायची असेल, तर सरकारला राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत तसं जाहीर करावं लागतं. ज्याला हरकत घ्यायची आहे, त्याला त्यासाठी २१ दिवस मिळतात. मग सुनावणी, मोजणी, खुणेचे दगड आणि शेवटी मावेजा. मावेजा म्हणजे घेतलेल्या जमिनीचा मोबदला. आपल्याकडे हा शब्द लहान पोरांनाही पाठ असतो, कारण घरात रोज तीच चर्चा चालते!

आपल्या रस्त्याचं काम दोन तुकड्यांत झालं. सोलापूर ते येडशी सुमारे ९९ किलोमीटर आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर सुमारे १८९ किलोमीटर. भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाने ही दोन्ही कामं आयआरबी या कंपनीला दिली. सोलापूर-येडशी तुकड्याचा करार झाला २०१४ मध्ये, काम सुरू झालं २०१५ मध्ये आणि टोल सुरू झाला २०१८ मध्ये. काही उरलीसुरली कामं त्यानंतर होत राहिली.

हे काम 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या पद्धतीचं आहे. म्हणजे कसं? समजा, तुमच्या वाड्यात विहीर खणायची आहे, पण घरात पुरेसे पैसे नाहीत. शेजारी म्हणाला, "मी खणतो. थोडे पैसे तुम्ही घाला, बाकीचे मी घालतो. काही वर्षं मी प्रत्येक घागरीमागे चार आणे घेईन. मग विहीर तुमची." तसंच हे. कंपनी रस्ता बांधते, सांभाळते, ठरलेली वर्षं टोल घेते आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत करते. त्या टोलनाक्यावर तुमचे बाबा जे पैसे भरतात, ते या घागरीचे चार आणे!

काळ्या मातीशी कुस्ती

आता खरं बांधकाम. इथं आपल्या मातीचा स्वभाव कळायला हवा.

आपली काळी माती पिकाला चांगली, पण रस्त्याला महाखट्याळ. पावसाळ्यात पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात वाळली की आकसते. मे महिन्यात रानात जाऊन बघा, भेगा एवढ्या रुंद पडतात की त्यात तुमचं पाऊल अडकेल. आता अशा मातीवर थेट डांबर ओतलं तर काय होईल? माती फुगली की रस्ता वर येणार, आकसली की खाली बसणार. दोन पावसाळ्यांत रस्त्याची पार चाळण!

म्हणून आधी ही माती काढावी लागते किंवा तिच्यावर चांगला मुरूम टाकून भराव करावा लागतो. थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पुन्हा थर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. त्यावर खडीचे थर. सगळ्यात वर डांबर मिसळलेली बारीक खडी. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा काळा थर. पुरणपोळी वरून पिवळी दिसते, पण सारी मेहनत आतल्या पुरणाची असते. रस्त्याचंही तसंच.

रस्त्याचा दुसरा शत्रू म्हणजे पाणी. म्हणून रस्ता कधीच पाटीसारखा सपाट नसतो. त्याला बाजूला किंचित उतार असतो, म्हणजे पाणी साचत नाही. जिथं ओढा किंवा ओघळ आडवा येतो, तिथं मोरी बांधतात. मोठ्या वळणावर रस्त्याची बाहेरची बाजू थोडी उचललेली असते. कारण वेगात वळताना गाडी बाहेर फेकली जायला बघते. सायकल जोरात वळवताना तुम्ही नकळत आतल्या बाजूला झुकता ना? गाडीला झुकता येत नाही, म्हणून तिच्यासाठी रस्ताच झुकतो!

पाण्याची ही खोडी फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. पार इंग्लंडमधली गोष्ट सांगते. तिथं प्रेस्टन नावाचं शहर आहे. त्या शहरालाही वाहनांच्या गर्दीनं जेरीस आणलं होतं. म्हणून शहराबाहेरून सुमारे १३ किलोमीटरचा वेगवान बायपास बांधला. ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी त्याचं उद्घाटन केलं. ब्रिटनमधला तो पहिला 'मोटरवे', म्हणजे फक्त वेगवान मोटारींसाठीचा रस्ता. पहिला मोटरवे कोणता, तर एक बायपास! सगळीकडे कौतुक झालं. आणि अवघ्या ४६ दिवसांनी तो बंद करावा लागला. का? रस्त्याच्या पोटात शिरलेलं पाणी थंडीत गोठलं, मग वितळलं आणि वरचा थर खराब झाला. दुरुस्ती केली, पाण्याची सोय केली आणि मगच तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा तुमच्या गल्लीतल्या रस्त्याला खड्डा पडला, की आधी बघा, पाणी कुठं साचतंय!

दोन पारड्यांचा तराजू

बायपास झाला. आता चांगलं काय झालं आणि वाईट काय झालं? मुलांनो, इथं जरा सावकाश वाचा. कारण या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठं उभे आहात, त्यावर अवलंबून आहे.

आमच्या वर्गात मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'बरं झालं' आणि दुसऱ्या बाजूला 'वाईट झालं'. मुलांनी भराभर हात वर केले.

"बरं झालं. आजीला दवाखान्यात सोलापूरला लवकर नेता आलं."

"बरं झालं. आता आमच्या घरापुढून ट्रक जात नाहीत. रात्री भांडी वाजत नाहीत."

"वाईट झालं. आमच्या आजोबांचं जुन्या रस्त्यावर हॉटेल होतं. भजी नि चहा. आता तिथं गाडीच थांबत नाही."

"वाईट झालं. वडाची झाडं तोडली."

"बरं झालं. बाबांनी मावेजातून घर बांधलं."

"वाईट झालं. आमचं रान मधूनच कापलं. विहीर अलीकडं, गोठा पलीकडं. बैलांना पाणी दाखवायला लांबून फिरून जावं लागतं."

शेवटी दोन्ही बाजू भरल्या. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग बेरीज किती आली?"

मी तिला म्हटलं, ही बेरीज एका आकड्यात मावायची नाही. दवाखान्यात वेळेवर पोचलेली आजी खरी आणि हॉटेल बंद झालेले आजोबाही खरे. एकाच्या फायद्यानं दुसऱ्याचं नुकसान पुसलं जात नाही. मोठी कामं करताना फायदा कुणाला आणि किंमत कुणी दिली, हे दोन्ही विचारायला हवं. ज्यानं किंमत दिली, त्याच्याकडे बघायला हवं. रान कापलं, तर बैलांना जायला भुयारी वाट ठेवता येते. झाडं तोडली, तर नवी लावून नुसता फोटो न काढता ती जगवता येतात. हॉटेलवाल्यांना नव्या रस्त्यालगत जागेची सोय करता येते. हे मागायचं असतं, योग्य वेळी आणि लेखी मागायचं असतं. ते २१ दिवस असतात ते त्यासाठीच!

रेल्वेनं घातलेला वळसा

आता एक उलटी गोष्ट ऐका. आज गावाला वळसा पडला म्हणून कुणी सुखावतं, कुणी हळहळतं. पण आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाला एका वळशानं शंभर वर्षं रडवलं होतं, ते रस्त्याच्या नव्हे, रेल्वेच्या!

बार्शी लाईट रेल्वे हे नाव ऐकलंय? अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे येडशीवरून वाढत वाढत १९११ साली लातूरला पोचली. पण तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजेच आजचं धाराशिव, तिच्या वाटेवर आलंच नाही. गाडी धरायची, तर येडशीला जावं लागायचं. जिल्ह्याचं ठिकाण असून रेल्वे नाही! पुढे ही लाईन रुंद करायचं ठरलं, तेव्हा मार्ग बदलून तो धाराशिवकडून नेला आणि २००७-०८ मध्ये मोठी गाडी शहराच्या स्टेशनात आली. केवढा आनंद झाला होता लोकांना!

गंमत लक्षात आली का? रेल्वे बाहेरून गेली तर गाव रुसतं आणि मालट्रक बाहेरून गेले तर गाव सुटकेचा श्वास टाकतं. असं का? कारण रेल्वे थांबते. स्टेशनात उतरलेला माणूस रिक्षा करतो, चहा पितो, बाजारात जातो. आपला माणूसही तिच्यात बसून पुण्या-मुंबईला जातो. न थांबता निघून जाणारा ट्रक मात्र गावाला धूर आणि धूळ तेवढी देतो. तेव्हा कुठलाही नवा मार्ग होताना विचारायचा प्रश्न हा, की तो इथं थांबणार आहे का? आपल्याला त्यावर चढता-उतरता येणार आहे का?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न फार जुना आहे. आपलं तेर आठवा. संत गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात त्यानं तगरचा उल्लेख केला आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून तऱ्हेतऱ्हेचं कापड गाड्यांवर लादून दूर गुजरातेतल्या भडोच बंदरात जातं, असं त्यात आहे. विचार करा, तेरचं कापड बैलगाडीतून भडोचला आणि तिथून जहाजातून परदेशात! तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि कितीतरी जुन्या वस्तू तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयामुळे आपल्याला कळतात. पुढे काळ बदलला, वाटा बदलल्या. आज मोठा महामार्ग तेरमध्ये जात नाही. एके काळी ज्या गावाकडे सगळ्या वाटा यायच्या, ते गाव आता आडवाटेला आहे. रस्ते कायम एकाच जागी राहत नाहीत, हे तेरइतकं चांगलं कोण सांगणार?

नऊ सेकंदांचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे गणित वहीत लिहाच.

चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी असते. म्हणजे एका सेकंदात ती जाते सुमारे २८ मीटर. कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब असतं. तुम्ही एकदा 'कबड्डी' म्हणेपर्यंत मोटार दोन मैदानं पार करून पुढे गेलेली असते!

आता तुम्ही. पाठीवर दप्तर घेऊन चालताना तुम्ही एका सेकंदात साधारण एक मीटर जाता. दुभाजकापर्यंतची रस्त्याची एक बाजू कडेच्या पट्टीसह साधारण ९ मीटर धरा. म्हणजे ती ओलांडायला तुम्हाला ९ सेकंद लागणार. ९ सेकंदांत मोटार किती येईल? २८ गुणिले ९. दोनशे बावन्न मीटर! अडीचशे मीटरवरची मोटार आपल्याला एवढीशी दिसते. आपण म्हणतो, "अजून लांब आहे," आणि पाऊल टाकतो. डोळा इथंच फसतो. आणि ही झाली रस्त्याची एकच बाजू. दुसरी बाजू अजून बाकीच असते.

ज्यांची शाळा महामार्गाच्या एका अंगाला आणि घर दुसऱ्या अंगाला आहे, त्यांनी हे चार नियम आजपासूनच पाळायचे:

१. भुयारी मार्ग किंवा पूल असेल, तर तिथूनच जायचं. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. उशिरा आलेल्या मुलाला बाई फार तर रागावतील.

२. दुभाजकावरून उडी मारायची नाही. दुभाजकात लोकांनी पाडलेली फट म्हणजे रस्ता नव्हे.

३. सर्व्हिस रोडवर सायकल डाव्या बाजूनंच चालवायची. 'जवळ पडतं' म्हणून उलट्या दिशेनं महामार्गावर जायचं नाही. घरातलं मोठं माणूस मोटारसायकल तशी नेत असेल, तर मागे बसून गोड आवाजात सांगायचं, "आपण वळसा घालून जाऊ या ना!"

४. उसाच्या दिवसांत बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. घरची गाडी असेल, तर तिच्या मागे चमकणारी लाल पट्टी आहे का, हे बघण्याचं काम तुमचं. नसेल तर आज लावून घ्या.

करून पाहा

- गावातल्या जुन्या रस्त्यावर चहाचं हॉटेल, पंक्चरचं दुकान किंवा रसवंती चालवणाऱ्या एका माणसाला भेटा. बायपासच्या आधी आणि नंतर त्यांचा धंदा कसा होता, ते विचारा. दहा ओळी लिहा. उत्तर मध्येच तोडू नका, नीट ऐका.

- रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. तुमच्या गावाजवळ कोणता आहे? मोठ्यांना सोबत घेऊनच हे बघायचं बरं का.

- आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. जिथं रस्ता ओलांडावा लागतो, तिथं लाल ठिपका द्या. हा नकाशा आईबाबांना दाखवा.

पालकांसाठी दोन शब्द

वर सांगितलेला लाल ठिपक्यांचा नकाशा कृपया बारकाईनं बघा. त्यातला एखादा ठिपका भुयारी मार्गापासून फार दूर असेल, तर गावातल्या चार पालकांनी मिळून ग्रामसभेत विषय मांडावा. गावाच्या ठरावासह मागणी लेखी पाठवावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलणं हवेत विरून जातं, लेखी अर्जाला निदान क्रमांक तरी पडतो. आणि एक विनंती. मुलांना दहा वेळा 'सांभाळून जा' म्हणण्यापेक्षा एकदा त्यांच्यासोबत चालत जाऊन कुठून ओलांडायचं ते दाखवा. मुलं आपण सांगतो त्यापेक्षा आपण वागतो त्यावरून शिकतात.

तर मुलांनो, पुढच्या वेळी एसटी तुळजापूरच्या बाहेरून वळसा घेईल, तेव्हा खिडकीतून दोन्हीकडे बघा. एका बाजूला गाव दिसेल, दुसऱ्या बाजूला रान. दोघांनीही त्या रस्त्याला थोडी थोडी जागा दिलेली आहे.

तुमची दहा ओळींची हकीगत आणि लाल ठिपक्यांचा नकाशा मला जरूर पाठवा. पाकिटावर नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. आणि हो, एक छोटं गणित जाता जाता: ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी एसटी ९ सेकंदांत किती मीटर जाईल? उत्तर पुढच्या अंकात!

तुमची,
बाई